अंगणातली खोली आणि ३१ नंबर

शहीद जवानाच्या मुलासाठी पलटणीने नेमकं काय करावं, या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर एका फुटबॉल क्लबने दिलेलं आहे. तोही आपल्याकडचा नाही, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातला. गोष्ट जुनी आहे, पण तिच्यातून निघणारा प्रश्न दर वर्षी आपल्याकडे कुठल्या ना कुठल्या गावात तिरंग्यात लपेटून येतो. म्हणून आज सीमेबद्दल, थंडीबद्दल किंवा लंगरच्या जेवणाबद्दल न लिहिता रॉन बरॅसी या खेळाडूबद्दल लिहितो आहे.

मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. मलाही ते पश्चिम सीमेवरच्या एका पोस्टिंगमध्ये, युनिटच्या लायब्ररीत टोब्रुकच्या वेढ्यावरची पुस्तकं चाळताना भेटलं. तिथून मी त्याच्या मागे लागलो. ऑस्ट्रेलियात मात्र हे नाव आपल्याकडे कपिल देव किंवा ध्यानचंद यांच्या तोलाचं आहे. २०२३ साली सप्टेंबरमध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याला निरोप देण्याचा सरकारी कार्यक्रम मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर झाला. त्या मैदानाबाहेर त्याचा पुतळाही आहे.

आधी खेळाविषयी दोन शब्द. ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा गडी उतरतात. चेंडूही लंबगोल. तो लाथेने मारायचा, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने सहकाऱ्याकडे ठोसायचा. फेकायचा नाही. उंच उडी मारून झेल घेतला की ‘मार्क’ मिळतो. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चार डाव. अंगावर चिलखत वगैरे काही नाही. १८५९ मध्ये मेलबर्नच्या मंडळींनी याचे नियम पहिल्यांदा लिहून काढले, आणि ज्या क्लबच्या लोकांनी ते लिहिले तो मेलबर्न क्लब आजही खेळतो आहे. आपल्या कबड्डीत दम लागतो आणि कुस्तीत अंग लागतं. या खेळात दोन्ही लागतं.

आता गोष्ट. रॉन बरॅसी नावाची दोन माणसं आहेत, बाप आणि मुलगा. बाप व्हिक्टोरिया राज्यातल्या गिल्डफर्ड या लहान गावचा, इटालियन बोलणाऱ्या स्विस स्थलांतरितांच्या वंशातला. १९३६ ते १९४० या काळात तो मेलबर्न क्लबकडून ५८ सामने खेळला. १९४० साली क्लबने अजिंक्यपद जिंकलं, त्या संघात तो होता. मग सैन्यात भरती झाला, कॉर्पोरल झाला आणि उत्तर आफ्रिकेत टोब्रुकला पोचला.

टोब्रुक हे नाव आपल्या जुन्या पलटणींना परकं नाही. एप्रिल १९४१ मध्ये रोमेलने या बंदराला वेढा घातला. आत होते जनरल मोर्सहेडचे ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश तोफखाना, आणि त्यांच्याबरोबर आपली १८ वी कॅव्हलरी. भारतीय घोडदळाचे हे जवान ऑस्ट्रेलियनांच्या बाजूलाच खंदकात बसून रात्रीच्या गस्ती घालत होते. जर्मन रेडिओने या सगळ्यांना बिळातले उंदीर म्हणून हिणवलं, आणि त्यांनी तेच नाव बिरुदासारखं मिरवलं. पुढच्या वर्षी, २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं, तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन तिथे होती आणि आपले शेकडो मराठी जवान युद्धकैदी झाले. कोकणात आणि घाटावर अशी घरं आहेत जिथे ‘आजोबा आफ्रिकेत कैदेत होते’ एवढंच वाक्य शिल्लक आहे. त्या आफ्रिकेचा अर्थ बहुतेक वेळा हाच.

३१ जुलै १९४१ ला कॉर्पोरल बरॅसी टोब्रुकमध्ये मारला गेला. घरी पत्नी आणि पाच वर्षांचा एकुलता मुलगा. त्याचंही नाव रॉन.

त्या १९४० च्या विजयी संघातले आणखी तिघे या युद्धातून परतले नाहीत. हॅरल्ड बॉल सिंगापूरला गेला, ‘ब्लूई’ ट्रस्कॉट हा नामांकित लढाऊ वैमानिक १९४३ मध्ये गेला, सिड अँडरसन १९४४ मध्ये. एका संघातले चार जण. प्लाटूनमधले चार गेले की काय होतं हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत आहे.

क्लबने शोकसभा घेतली असेल, श्रद्धांजली वाहिली असेल. ते सगळेच करतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मुलगा पाचाचा पंधरा वर्षांचा होईपर्यंत क्लब त्याला विसरला नाही. आई मेलबर्नमध्ये नोकरी करत होती, मुलगा काही वर्षं गिल्डफर्डला आजोळ-आजाघरच्या माणसांत वाढला. पुढे तो मोठा होऊ लागला आणि फुटबॉलमध्ये दम दाखवू लागला, तेव्हा एक अडचण उभी राहिली. त्या काळी खेळाडू जिथे राहतो त्या भागाच्या क्लबकडूनच त्याने खेळायचं असा लीगचा नियम होता. मुलगा दुसऱ्याच क्लबच्या हद्दीत राहत होता. मेलबर्न क्लबने लीगकडे आग्रह धरला की बाप ज्या क्लबकडून खेळला, त्या क्लबकडून मुलाला खेळता यायला हवं. असा पिता-पुत्र नियम झाला, आणि त्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या काही मुलांत रॉन होता.

पण नियमाने मूल वाढत नाही. त्यासाठी माणूस लागतो. तो माणूस नॉर्म स्मिथ. १९४० च्या त्याच संघातला, बापाचा दोस्त. १९५२ मध्ये तो क्लबचा प्रशिक्षक झाला होता. मुलाच्या आईने दुसरं लग्न करून टास्मानियाला जायचं ठरवलं, तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या रॉनला स्मिथने आपल्या घरी आणलं आणि मागच्या अंगणातली खोली दिली. जेवण त्यांच्यात, झोप अंगणात, आणि मैदानावर हुकूम त्याच माणसाचा.

इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण सगळं मर्म इथे आहे.

स्मिथने त्या मुलाला मैदानावर कसलीही सवलत दिली नाही. उलट तो त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त कडक होता असं दोघांना ओळखणारे सांगत आले. १९५३ मध्ये रॉनने पदार्पण केलं. पहिल्या मोसमात तो काही चमकला नाही. त्याची उंची उडी मारून चेंडू जिंकणाऱ्या गड्याला हवी तेवढी नव्हती, आणि तो छोट्या चपळ गड्यांतही बसत नव्हता. स्मिथने त्याच्यासाठी जागाच वेगळी शोधली. उंच गड्याच्या जोडीने मैदानभर धावणारा, खाली पडलेल्या चेंडूवर तुटून पडणारा खेळाडू. या जागेला ‘रक-रोव्हर’ म्हणू लागले आणि पुढे प्रत्येक संघात ती जागा रूढ झाली. म्हणजे मुलाचं ओझं हलकं केलं नाही, त्याच्या ताकदीला शोभेल असं ओझं शोधून दिलं. ज्याने रंगरूट घडवले आहेत त्याला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट नंबरची. रॉनने बापाचा ३१ नंबर मागितला आणि क्लबने तो दिला. आपल्याकडे ‘नाम, नमक, निशान’ म्हणतात, त्यातलं निशान म्हणजे दर वेळी झेंडाच असतो असं नाही. कधी कधी पाठीवर शिवलेले दोन आकडे असतात. बापाचा चेहरा फोटोतूनच माहीत असलेल्या मुलाला, तुझा बाप इथे होता आणि तू त्याच्या जागेवर उभा आहेस, हे सांगायला यापेक्षा थोडके शब्द लागत नाहीत.

मग त्या ३१ नंबरने काय केलं ते बघा. १९५५, १९५६, १९५७, १९५९, १९६० आणि १९६४ अशी सहा अजिंक्यपदं खेळाडू म्हणून. त्यातली शेवटची दोन कर्णधार म्हणून. मेलबर्नकडून २०४ सामने.

आणि १९६४ ची ट्रॉफी हातात असतानाच त्याने क्लब सोडला. शेजारच्या, कट्टर प्रतिस्पर्धी कार्लटन क्लबने त्याला कर्णधार आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जागा देऊ केली होती. स्मिथने त्याला थांबवण्यासाठी स्वतःची प्रशिक्षकपदाची खुर्ची रिकामी करायची तयारी दाखवली. रॉनने ती घेतली नाही. ज्याने घर दिलं त्याची जागा घेऊन मोठं होण्यापेक्षा बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभं राहणं त्याने पसंत केलं. मेलबर्नचे लोक चिडले. ज्या क्लबने अनाथपणात हात धरला त्यालाच सोडून गेला, कृतघ्न, असं बोललं गेलं. पुढच्याच मोसमात क्लबने स्मिथला मध्येच काढलं आणि आठवड्याभरात परत घेतलं. सगळा डोलाराच हलला. १९६४ नंतर मेलबर्नला पुढचं अजिंक्यपद मिळायला २०२१ साल उजाडलं. सत्तावन्न वर्षं.

यावर माझं मत स्पष्ट आहे. रॉन बरोबर होता. आपण एखाद्या मुलाला आधार देतो तो त्याने आयुष्यभर आपल्या दारात उभं राहावं म्हणून नाही. आपल्याकडे शहीदाच्या मुलाबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं, ‘हाही बापासारखा फौजेत जाणार.’ चितेची राख निवलेली नसते आणि आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर बापाची टोपी ठेवून फोटो काढला जातो. त्याला फौजेत यायचं असेल तर यावं. आनंदच आहे. पण त्याला शेती करायची असेल, दुकान टाकायचं असेल, तबला वाजवायचा असेल, तर त्याने पलटणीचं ऋण बुडवलं असं होत नाही. वाढवलेलं मूल दुसऱ्या संघाचा कर्णधार झालं, तर वाढवणाऱ्याचं काम नीट झालं असं समजावं.

कार्लटनला त्याने १९६८ आणि १९७० मध्ये अजिंक्यपद मिळवून दिलं. १९७० चा अंतिम सामना तिथले लोक अजून सांगतात. मैदानावर १,२१,६९६ प्रेक्षक, आजवरचा विक्रम. मध्यंतराला कार्लटन कॉलिंगवूडच्या ४४ गुणांनी मागे. बरॅसीने पोरांना सांगितलं की चेंडू अडकवून ठेवू नका, मुठीने पुढे देत राहा, मागे वळू नका. टेड हॉपकिन्स नावाच्या राखीव खेळाडूला बाकावरून उठवून आत पाठवलं, त्याने चार गोल केले. कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. या खेळातली डावपेचांची समज या सामन्यापासून बदलली असं मानणारे पुष्कळ आहेत. नंतर नॉर्थ मेलबर्न. १९२५ पासून लीगमध्ये असलेल्या या क्लबला तोवर एकही अजिंक्यपद नव्हतं. बरॅसीने १९७५ मध्ये पहिलं आणि १९७७ मध्ये दुसरं मिळवून दिलं. खेळाडू म्हणून सहा आणि प्रशिक्षक म्हणून चार, असे एकूण दहा.

१९८१ मध्ये तो प्रशिक्षक म्हणून मेलबर्नला परत आला. जिंकण्याच्या हिशोबात ती पाच वर्षं फुकट गेली. पण मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत याच वर्षांतली एक गोष्ट सर्वांत मोठी वाटते. त्याच्या काळात क्लबने आयर्लंडमधून तिथला गेलिक फुटबॉल खेळणारी तरुण पोरं आणून त्यांना हा खेळ शिकवायचा प्रयोग केला. लोक हसले. त्या पोरांत जिम स्टाइन्स होता, घरापासून अर्ध्या पृथ्वीइतका लांब आलेला अठरा वर्षांचा मुलगा. १९९१ मध्ये त्याच जिमने लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळवलं. सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला. पुढे वाट चुकू पाहणाऱ्या तरुण मुलांसाठी त्याने संस्था काढली, आणि क्लब कर्जात बुडत असताना अध्यक्ष होऊन त्याला सावरलं. २०१२ मध्ये कर्करोगाने तो गेला. अंगणातली ती खोली अशी पुढे पुढे सरकत गेली. ज्याला कुणीतरी दार उघडलं होतं, त्याने दुसऱ्याला उघडलं आणि त्या दुसऱ्याने आणखी शेकडोंना.

बरॅसीच्या स्वभावाचा एक पुरावा आणखी देतो. २००८ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री मेलबर्नच्या रस्त्यावर एका माणसाने एका बाईला मारून खाली पाडलं. हा बहात्तर वर्षांचा म्हातारा त्या माणसाच्या मागे धावला आणि लाथाबुक्क्या खाल्ल्या. त्या वयात, त्या जागी, शंभरातले नव्व्याण्णव जण फोन काढून उभे राहतात.

आता आपल्याकडे वळतो.

त्या पिता-पुत्र नियमाचं पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे. आज तो नियम ऑस्ट्रेलियात आहे, महिलांची लीग सुरू झाल्यावर मुलींनाही तो लागू झाला आहे. पण त्याला आता एक अट आहे. बाप त्या क्लबकडून किमान १०० सामने खेळलेला हवा. रॉनचा बाप खेळला होता ५८. म्हणजे ज्या मुलाच्या गोष्टीने हा नियम लोकांच्या मनात रुजला, तोच मुलगा आजच्या नियमात बसणार नाही. अट लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. कुठेतरी रेघ मारावी लागतेच. पण बाप १०० पर्यंत का पोचला नाही, हे रेघेला कळत नाही. तो टोब्रुकला होता.

आपले माजी सैनिक हे वाचून कडू हसतील. आपल्याकडेही रेघा आहेत. जवान कसा गेला यावर ठरतं की घरच्यांना उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, विशेष, की साधं. शत्रूच्या गोळीने, हिमस्खलनात, की रस्त्यावरच्या अपघातात, याचे रकाने आहेत. १९७१ च्या युद्धानंतर शहीदांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायला सुरुवात केली. २०१७ मध्ये त्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली आणि ओरड झाल्यावर २०१८ मध्ये उठवली गेली. रकाने लागतात हे मला मान्य आहे, सरकारी पैसा असाच चालतो. पण एका वीरपत्नी वहिनींबरोबर मी एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या बाबूने तिसऱ्यांदा तोच दाखला मागितला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, पैशाचं होईल कधीतरी. पोरगा दहावीला आहे, घरात कुणाचं ऐकत नाही. तुमच्यापैकी कुणी महिन्यातून एकदा त्याच्याशी बोलेल का?”

या मागणीला रकाना नाही. ती नॉर्म स्मिथची जागा आहे. वहिनींच्या गावाजवळ आमच्याच पलटणीतला एक रिटायर्ड नाईक राहतो. तो दर रविवारी त्या पोराला मैदानावर धावायला नेऊ लागला. धावताना तो त्याला बापाच्या गोष्टी सांगायचा, आणि उशीर झाला तर शिव्याही घालायचा. पोरगा आज आयटीआय करून पुण्यात कामाला आहे. फौजेत गेला नाही. नाईकसाहेबांना त्याचा भारी अभिमान आहे.

काही जण म्हणतील, क्लब एका जागी असतो, पलटण दोन-तीन वर्षांनी हलते. आज राजौरी, उद्या तेजपूर. कोण कुणाच्या पोराकडे बघणार? मुद्दा खरा आहे, म्हणून उत्तरही व्यवहारी हवं. पलटण हलते, रेजिमेंटल सेंटर हलत नाही. बेळगाव तिथेच आहे. आणि पलटणीतून निवृत्त झालेली माणसं तर कुठेच हलत नाहीत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर, एकाही तालुक्यात आपला माणूस नाही असं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक शहीदाच्या मुला-मुलीमागे एक नाव लिहिलेलं असावं. समितीचं नको, माणसाचं. त्याच गावाजवळच्या, त्याच पलटणीच्या माजी सैनिकाचं. त्याला काही कारणाने जमलं नाही, तर आपण चार्ज देतो-घेतो तसं लेखी दुसऱ्याकडे सोपवावं. दर वर्षी रेजिमेंटच्या स्थापना दिवसाला ती यादी वाचली जावी. पुतळ्याला हार घालायला दहा मिनिटं लागतात, यादी वाचायला तेवढीच लागतील.

आणि त्या माणसाने तीनच गोष्टी कराव्यात. दार उघडं ठेवावं. मुलाला कीव दाखवू नये, त्याच्याकडून पूर्ण मेहनतीची अपेक्षा ठेवावी. आणि बाप कसा होता हे त्याला सांगावं. पोवाड्यातला बाप नको. बॅरेकमधला सांगावा. तो चहात किती साखर घालायचा, रूट मार्चला कोणतं गाणं म्हणायचा, कुणाशी भांडायचा. हे मुलाला सरकार सांगू शकत नाही, आईलाही ठाऊक नसतं. ते फक्त आपल्याकडे आहे, आणि आपल्याबरोबर जाणार आहे.

हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना माझी विनंती आहे. तुमच्या पलटणीतल्या, तुमच्या जिल्ह्यातल्या अशा एका घराचं नाव तुम्हाला आत्ता आठवलं असेल. येत्या रविवारी तिकडे जाऊन या. हार घेऊन जाऊ नका. चेंडू न्या.

जय हिंद.